कोरणी घसरते, टोक मोडतं, रेघ फाटते: हाताला दोष देण्याआधी हत्यार तपासा

दागिने घडवणारी माणसं कोरीव कामाकडे वळली की पहिल्या आठवड्यातच एका ठिकाणी अडकतात. डाग देता येतो, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडता येतो, तार ओढता येते, खडा बसवता येतो, कानस हातात बसलेली असते. म्हणून वाटतं, पत्र्यावर रेघ कोरायला काय लागतं? मग कोरणी, म्हणजे धारदार टोकाची पोलादी कांडी, हातात येते. दोन रेघा बऱ्या जातात आणि तिसऱ्या रेघेला कोरणी सटकन सुटून पत्र्यावर आडवी ओरखड काढते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टोकच मोडतं. माणूस म्हणतो, माझा हात या कामाचा नाही.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्यापायी चांगले कारागीर हे काम सोडून देतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी कोल्हापुरात चांदीचं काम करते. कोरीव काम शिकायला लागले तेव्हा पहिले चार महिने मीही रोज हातालाच दोष दिला. सराव वाढवला, मनगटाचे व्यायाम केले, मूठ बदलली. घसरणं थांबलं नाही. उष्टावणासाठी आलेल्या चांदीच्या वाटीवर बाळाचं नाव कोरत होते. शिरोरेषा संपता संपता कोरणी सुटली आणि थेट काठापर्यंत ओरखडा गेला. तो कसा काढला ते पुढे सांगते. ती वाटी घेऊन मी एका जुन्या कारागिरांकडे गेले. त्यांनी वाटीकडे पाहिलंच नाही. कोरणी मागून घेतली, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि म्हणाले, "हाताला कशाला नावं ठेवतीस? हे टोक बघ की आधी."

टोक नखावरून साबणासारखं घसरलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: टोक, टाच (टोकाखाली घासून दिलेला लहान उतार), धरणी (काम घट्ट धरून ठेवायची सोय), धातू आणि सगळ्यात शेवटी हात. कोरणी घसरली की याच क्रमाने बघायचं. दहापैकी आठ वेळा दोष पहिल्या दोन ठिकाणीच सापडतो, हा माझा अनुभव.

आधी एक खुलासा

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत जुनी आहे. लग्नात दिलेल्या भांड्यांवर, देवळाला दिलेल्या समईवर, कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या घागरीवर नाव असतंच. आज ते काम विजेच्या यंत्राने होतं. त्याची सुई थरथरत ठिपके मारते आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. इथे बोलतेय ते वेगळं. कोरणी धातूचा बारीक काप काढते, तो काप टोकापुढे कुरळा होत वर येतो आणि मागे स्वच्छ, चकाकणारी घळ राहते. ठिपक्यांच्या यंत्रात घसरण्याचा प्रश्नच फारसा येत नाही, त्यामुळे त्या कामाची सवय इथे उपयोगी पडत नाही.

काप काढायची विद्या आपल्याला परकी नाही. १८०५ साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापली गेली. छापायचं म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, काना डावीकडे आणि सगळी ओळ उजवीकडून. ज्यांनी ते केलं त्यांच्या हत्याराची धार कशी असेल, हा विचार सरावाचा तांब्याचा पत्रा पुढे घेतला की मला दर वेळी येतो.

घसरलेली रेघ वाचा

घसरली की लगेच दुसरी रेघ ओढू नका. भिंग घ्या आणि घसरलेल्या जागेकडे नीट बघा. काय झालं ते रेघ सांगते.

सुरुवातच झाली नाही, टोक धातूत शिरण्याआधीच पुढे पळालं, तर टोक बोथट आहे किंवा तुम्ही कोरणी फार आडवी धरली आहे. रेघ बरी चालली होती आणि मध्येच सुटली, तर घळीच्या तळाशी बघा. तळात एक बारीक उंचवटा लांबवर गेलेला दिसतो का, म्हणजे एकाच घळीत दोन रेघा असल्यासारखं? तसं असेल तर टोकाचा कण उडाला आहे आणि मोडक्या टोकाचे दोन कोपरे धातू खरवडताहेत. घळ स्वच्छ आहे पण हळूहळू उथळ होत गेली आणि मग सुटली, तर चालता चालता तुमची मूठ खाली आली. घळ आधी खोल, अजून खोल होत गेली, तुम्ही जोर वाढवला आणि मग उसळून बाहेर आली, तर तो टाचेचा दोष आहे. वळणावर बाहेरच्या कडेला धातू उभा राहिला, हाताला खरखर लागते, तर टाच गरजेपेक्षा लांब आहे. घळीचा तळ चकाकत नाही, राखाडी दिसतो, तर टाचेला पॉलिश नाही.

सहा लक्षणं झाली, त्यातल्या पाचांचा संबंध टोकाशी किंवा टाचेशी आहे.

टोक

नखाची परीक्षा रोजची करा. कोरणी कामाला धरता त्याच कोनात अंगठ्याच्या नखावर टेकवा, जोर अजिबात नको. टोक जागच्या जागी अडकलं तर धार आहे. घसरलं तर नाही. दुसरी परीक्षा दिव्याची: टोक दिव्याकडे करून भिंगातून बघा. धारदार टोक प्रकाश परत फेकत नाही, तिथे फक्त काळोखी दिसते. टोकावर पांढरा ठिपका चमकला तर तो ठिपका म्हणजे बोथटपणा. केसाहून बारीक असला तरी तेवढा घसरायला पुरतो.

शिकणाऱ्याला वाटतं, धार आठवड्यातून एकदा लावायची. सुरुवातीच्या दिवसांत दर दहा-पंधरा मिनिटांनी लावावी लागते, कारण नवखा हात टोक सारखा मोडतो. याचा कंटाळा करू नका. आणि धार लावायला वेळ लागतो म्हणून टाळत असाल तर कोरणीची पाठ घासून टाका. टोकाकडच्या भागात कोरणीची वरची जाडी चाकावर उतरवली की घासायचं तोंड, म्हणजे टोकाशी तिरकं घासलेलं पातं, इवलंसं राहतं आणि धार लावायला मिनिटही पुरतं. पाठ न उतरवता अख्ख्या जाडीचं तोंड दगडावर घासत बसणं हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे.

आता टोक मोडतं की वाकतं, ते बघा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे. भिंगाखाली टोक एका बाजूला मुरडलेलं दिसलं तर पोलाद मऊ झालं आहे. साध्या कार्बन पोलादाची कोरणी वेगाने फिरणाऱ्या चाकावर धरली आणि टोकाला निळा रंग चढला, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की तिचं पाणी उतरलं. तेवढा निळा भाग घासून टाकायचा आणि या वेळी दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायची. हायस्पीड स्टीलला एवढ्या उष्णतेने काही होत नाही, म्हणून नवशिक्याने तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. कार्बाइड फार कठीण आणि म्हणून ठिसूळ. त्याची धार टिकते, पण घसरणाऱ्या, उचकटणाऱ्या हातात त्याचं टोक काचेसारखं उडतं.

टोक मुरडलं नाही, तुटलंच, तर बहुतेक वेळा कारण उचकटणं असतं. काप अडकला म्हणून मूठ खाली दाबून टोक वर उचकटून काढायचं, किंवा रेघ संपताना मनगट बाजूला झटकायचं, या दोन सवयी टोकं खातात. काप तोडायचा तर कोरणी तशीच सरळ थोडी मागे घ्या, काप नखाने किंवा ब्रशने झाडा, मग पुन्हा त्याच घळीत उतरा. तरीही तुटत असेल तर तोंडाचा कोन ४५ ऐवजी ५० ते ५५ अंश करा. टोक जाड होतं, टिकतं. तसंच, पहिली कोरणी खालच्या दोन बाजूंमध्ये ९० अंशांचा कोन असलेली चौरस न घेता १२० अंशांची घ्या. तिचं टोक रुंद असल्याने मोडत कमी आणि उथळ, रुंद, चमकदार रेघ देते.

टाच: ज्याबद्दल कुणी सांगत नाही

दुकानातून आणलेली कोरणी ही नुसती कांडी असते. तिला तोंड घासून दिलेलं असलं तरी टाच नसते, आणि बहुतेकांना ती लागते हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

कोरणीचं पोट म्हणजे खालची कड. टोकाशी या पोटाला दोन्ही बाजूंनी अगदी लहान उतार द्यायचा, साधारण १५ ते २० अंशांचा. इंग्रजी व्हिडिओंत याला हील म्हणतात, मी टाच म्हणते. तिचं काम समजून घ्या, म्हणजे घसरण्याचं निम्मं गूढ उकलतं. टाच नसेल तर कोरणी पत्र्यावर पूर्ण आडवी ठेवल्याशिवाय पोट टेकत नाही, आणि तशी ठेवली तर मूठ पत्र्याला आपटते. म्हणून तुम्ही मूठ उचलता. मूठ उचलली की पत्र्यावर फक्त टोक टेकलेलं राहतं, मागे आधार काहीच नाही. टोक खाली खाली जात राहतं, जोर वाढतो, धातू अडवतो आणि एका क्षणी सगळा साठलेला जोर घेऊन कोरणी उसळते. टाच दिली की तिचे दोन इवले उतार ताज्या घळीच्या दोन भिंतींवर टेकतात. मूठ १५-२० अंश वर राहते, बोटांना जागा मिळते आणि टोक आपल्या मर्जीने खाली जात नाही. मूठ किंचित वर केली की रेघ खोल जाते, टाच घळीला टेकू दिली की खोली तेवढीच राहते, मूठ थोडी खाली घेतली की टोक अलगद बाहेर येतं. खोलीवर ताबा येतो तो असा. मनगटाची ताकद वाढवून तो येत नाही.

टाच लहान हवी. दागिन्यांच्या कामाला ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरे, भिंगाशिवाय जेमतेम दिसेल एवढी. लांब टाच सरळ रेघेला गोड वाटते, पण वळणावर तिचा मागचा भाग घळीच्या बाहेरच्या भिंतीला घासतो आणि धातू उभा करतो. गंमत अशी की धार लावता लावता टाच आपोआप लांब होत जाते. ती लहान करायची तर टाचेला हात लावायचा नाही, तोंड घासायचं. तोंड मागे सरकलं की टाच तेवढी आखूड होते. वळणं महिनाभर छान येत होती आणि अचानक बिघडली, अशी तक्रार असेल तर पहिली शंका लांबलेल्या टाचेची घ्या.

दोन्ही बाजूंचे उतार सारखे नसतील तर कोरणी एका बाजूला ओढते. तुम्ही सरळ ढकलता आणि रेघ डावीकडे जाते. शिकणारा हात तिरका करून ती सरळ करायला बघतो आणि तिरक्या हाताची सवय लागते ती कायमची. म्हणून पहिलं वर्षभर कोन धरून ठेवणारी जिग वापराच. नुसत्या हाताने दगडावर टाच लावणारे कारागीर मी पाहिले आहेत, पण त्यांच्या हाताला तीस वर्षांचा कोन बसलेला आहे.

माझी पद्धत सांगते. आधी ६०० ग्रिटच्या (आकडा जेवढा मोठा तेवढे दाणे बारीक) डायमंड प्लेटवर तोंड ४५ ते ५० अंशांत घासते, टोकावरचा पांढरा ठिपका जाईपर्यंत. मग १२०० वर टाच: डावीकडे तीन हलके हात, उजवीकडे मोजून तीनच. मग सिरॅमिक दगडावर एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावून दोन्ही उतार चमकवते. शेवटी तोंडाला एक हलका हात, म्हणजे कडेला निघालेली बारीक कुस जाते. टोक कठीण लाकडात एकदा टोचते आणि नखावर टेकवते. डायमंड प्लेट नसेल तर चांगला कुरुंदाचा दगड आणि थोडं तेल यावरही काम होतं, वेळ जास्त लागतो एवढंच. पॉलिश मात्र सोडू नका. घळीच्या भिंती टाच घासून जाते म्हणूनच चकाकतात. टाच जेवढी आरसा, रेघ तेवढी आरसा.

धरणी

दागिना हललाच नाही पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण पदक टेबलावर ठेवून डाव्या हाताने दाबून कोरणारे मी पाहिले आहेत, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी टाके पडलेलेही. डावा हात कोरणीच्या टोकापुढे कधीही, एका रेघेसाठीसुद्धा, यायचा नाही. कोरणी घसरते तेव्हा ती आपल्या नजरेपेक्षा वेगाने जाते.

आपल्या सोनारांची जुनी सोय अजूनही उत्तम आहे: राळ, विटेची पूड आणि थोडं तेल एकत्र वितळवून लाकडी ठोकळ्यावर ओतायचं आणि पत्रा त्यात बसवायचा. लहान वस्तू काठीच्या टोकावर लाखेत बसवा. पदकाची पाठ फुगीर असेल तर लाख पूर्ण खाली भरली गेली पाहिजे. खाली पोकळी राहिली तर पत्रा टोकाखाली दबतो आणि सुटतो, आणि हा दबणं-सुटण्याचा खेळ कोरणी बाहेर फेकतो.

ठोकळा फिरता हवा. महागडा गोल शिकंजा मिळाला तर छानच, नाही तर चामड्याच्या पिशवीत घट्ट वाळू भरून तिच्यावर ठोकळा ठेवा. वळण कोरताना कोरणी जवळपास स्थिर राहते आणि डावा हात काम तिच्यावर फिरवत आणतो. कोरणी हाताने वळवायला गेलात की कोपर सुटतं आणि त्यामागे रेघ. अनुस्वाराचा टिंब कोरून बघा: टोक टेकवायचं आणि ठोकळा पूर्ण एक फेरा फिरवायचा. टिंब गोल आला तर फिरवणं जमलं.

धातू

इथे थोडक्यात. शुद्ध चांदी आणि मऊ केलेलं तांबं चिकट असतात, टोकाला लागून येतात. तुम्ही डाग दिलेला दागिना तापून मऊ झालेला असतो हे विसरू नका. ९२.५ टक्क्यांची चांदी ६५० अंशांच्या आसपास तापवली की मऊ पडते. तोच पत्रा थोडा लाटून किंवा ठोकून कडक केला की कोरणी एकदम सुधारल्यासारखी वाटते. सरावाला पितळ सोपं, काप सुटा निघतो. तांबं घेणार असाल तर एक मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि दर दोन-तीन रेघांनी टोक तेलाच्या कापसावर टेकवा.

पोकळ दागिन्यावर कोरू नका. घळ ०.१ ते ०.२ मिलिमीटर खोल जाते आणि पोकळ मण्याचा पत्राच तेवढा असतो. मुलामा दिलेल्या वस्तूवरही नको, रेघेखाली दुसरा धातू उघडा पडतो. सोन्याच्या अंगठीत आतून नाव कोरायचं असेल तर आधी सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कच्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, कुठे आहे ते भिंगातून शोधा. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर ती खूण असते, आणि तुमची एक रेघ तिच्यावरून गेली तर गिऱ्हाइकाला पुढे त्रास. सोन्याचे काप झाडून टाकू नका. सोनाराची राख धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याकडे राख जाण्याआधीच ते वेगळे डबीत ठेवा.

आणि आता हात

कांडी मुळात लांब असते आणि लोक ती तशीच वापरतात. मूठ तळव्याच्या खळग्यात बसवली की टोक अंगठ्याच्या पुढे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर यायला हवं. त्याहून जास्त आलं तर मागून तोडून आखूड करा. लांब कोरणी डुगडुगते.

जोर तळव्यातून येतो आणि अंगठा ब्रेक असतो. अंगठा कामावर किंवा ठोकळ्यावर टेकलेला राहतो आणि कोरणी त्याच्या कडेने सरकते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचा अंगठा मी पहिल्यांदा बघते: तो हवेत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही. एका दमात अंगठा सरकू शकेल तेवढीच रेघ, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. मग थांबा, अंगठा पुढे घ्या, पुन्हा. लांब रेघ एका दमात ओढायचा मोह म्हणजे घसरण्याचं आमंत्रण.

देवनागरी कोरताना हे जास्तच जाणवतं, कारण प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक लांब सरळ रेघ आहे. इंग्रजी अक्षरांच्या व्हिडिओंवरून शिकणाऱ्यांना यावर काही मिळत नाही, म्हणून सांगते. शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेऊ नका. डावीकडून मध्यापर्यंत या, ठोकळा अर्धा फेरा फिरवा, दुसऱ्या टोकापासून पुन्हा मध्याकडे या. रेघ जुळते आणि दोन्ही बाहेरची टोकं सुरुवातीची असल्याने टोकदार, स्वच्छ राहतात. बाहेर सुटण्याचा धोकाच उरत नाही. काने आणि उभे दंड शिरोरेषेच्या घळीतून सुरू करून खाली आणा. टोकाला उतरायला तयार जागा मिळते. उलट, खालून वर कोरत शिरोरेषेला भिडायला गेलात की कोरणी आयत्या घळीत धडपडते आणि पलीकडे निघून जाते. माझी वाटी बिघडली ती शिरोरेषा एका दमात काठाकडे नेताना.

तो ओरखडा काढला ओपणीने, म्हणजे धातू दाबून गुळगुळीत करायच्या हत्याराने. साबणाच्या पाण्यात ओपणी बुडवून ओरखड्याच्या दोन्ही कडांचा धातू हळूहळू आत दाबत आणला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. रेघ बुजली की १२०० आणि मग २००० नंबरचा पॉलिश कागद, पण तेवढ्याच जागी नाही, आसपास बोटभर पसरून. एकाच जागी घासलं तर उजेडात खळगा दिसतो. खोल ओरखड्याला आधी खरवडणी लागते. वाटीला तीन तास लागले, आणि देताना मी गिऱ्हाइकाला काय झालं ते सांगितलं.

डोळ्यांचाही विचार करा. अडीच पट भिंगाच्या चष्म्यातून काम साधारण २० सेंटिमीटरवर येतं, साडेतीन पटीच्या चष्म्यातून १० सेंटिमीटरवर. शिकणारा जास्त मोठं दिसावं म्हणून साडेतीनचा घेतो, मग नाक कोरणीच्या मुठीला लागतं, खांदे आखडतात आणि कोपर टेबलावरून उचललं जातं. अडीचवर सुरुवात करा. हवेच्या दाबावर चालणारी कोरणी घेतली की सगळं सुटेल का, असं बरेच जण विचारतात. ती चांगलीच आहे, तळव्याचा जोर वाचवते आणि लहान लहान ठोक्यांनी टोक पुढे नेते. पण चुकीच्या टाचेची कोरणी तिच्यात बसवली तर ती जास्त वेगाने चुकते. आधी हाताच्या कोरणीची टाच जमू द्या, मग पैसे घाला.

शेवटचं एक उदाहरण, कारण यावर मी दोन दिवस घालवले. अंगठीवर बाहेरून वेल कोरत होते. टोक नखावर अडकत होतं, टाच मोजून घासलेली, अंगठी लाखेत घट्ट, तरी दर वेळी एकाच पानाच्या देठाशी कोरणी उसळत होती. धार लावली, कोरणी बदलली, तेच. मग अंगठी सोडवून आतून भिंग लावलं. आत आडवी, केसाएवढी, किंचित पिवळट रेघ होती. अंगठी कधी काळी मोठी करून घेतलेली आणि तिथे डाग दिलेला. डागाचा धातू आजूबाजूच्या चांदीपेक्षा वेगळा कापतो, आणि माझं पान बरोबर त्याच्यावर आलं होतं. वेल दोन मिलिमीटर पुढे सरकवली, सांध्यावर नुसती रिकामी जागा सोडली. तेव्हापासून अंगठी आली की कोरणी उचलण्याआधी ती आतून बघते.